एकाहत्तर कोट

तोरुन, ५ नोव्हेंबर २०१९

प्रिय झेनोबिया मावशी,

तू शनिवारी आरोग्यधामात गेलीस, आज मंगळवार. या चार दिवसांत तुझ्या कोट ठेवायच्या खिडकीवरून काहीही हरवलेलं नाही, एक हातमोजा सोडून. तो आज सकाळी सापडला. ज्यांचा होता ते गृहस्थ तोच हातात घालून बसले होते. तरीही मी त्यांची माफी मागितली.

फोन केला तर माझा आवाज घशातच राहतो आणि तू "बोल रे, मेलास का?" म्हणून ओरडतेस, म्हणून पत्र लिहितो आहे. आधी कच्चं लिहून मग हे उतरवलं. अकराच्या बसचा चालक चेखोचिनेकला उतरून तुमच्या दारवानाकडे पत्र देतो म्हणाला. उत्तरही त्याच्याकडेच दे. पोस्टापेक्षा लवकर येईल.

काळजीची गोष्ट अशी. काल आपल्या व्यवस्थापक कालिनोव्स्का बाई खिडकीशी आल्या. तेरा ते पंधरा तारखेला आपल्या जुन्या कोठाराच्या सभागृहात युरोपीय नवसंशोधक अकादमीचं वार्षिक संमेलन आहे. तेवीस देशांतले एकाहत्तर विद्वान येणार. मी म्हटलं, "येऊ देत की." त्या म्हणाल्या, "येतीलच. पण लुत्स्यान, त्या तीन दिवसांत कोटांवरून एक तक्रार जरी आली, तर नव्या वर्षापासून ही खिडकी बंद. आकड्यांच्या कुलपांची लोखंडी कपाटं लावून टाकते. मग झेनोबियाबाईंनीही घरी बसावं आणि तूही."

मावशी, तू एकतीस वर्षं सांभाळलेली खिडकी माझ्या हातून तीन आठवड्यांत जायला नको. म्हणून काही गोष्टी आत्ताच विचारून ठेवतो. कोट द्यायला कुणी नाहीच म्हणालं तर काय करायचं? कोटाच्या मानेला टांगायची फीतच नसेल तर? विद्वानांचे कोट सगळे काळेच असतात असं ऐकलं, ते खरं का? आणि कोणत्या नंबराचं टोकन कुणाला दिलं, त्याची नावासकट वही केली तर चालेल का? आयर्लंडच्या गोदामात आम्ही करायचो.

तुझा खुबा कसा आहे? चिखलाचे लेप फार गरम असतात का?

तुझा,
लुत्स्यान


चेखोचिनेक, ७ नोव्हेंबर

अरे भित्र्या,

ज्याच्या हातात हातमोजा होता त्याची माफी मागितलीस? उद्या कुणी तुझ्या पायावर पाय दिला तर तुझा बूट पुसून त्याच्यापुढे करशील.

ऐक. कोट काढणार नाही असं म्हणणारा माणूस जगात कुठेच नसतो. नुसते दोन्ही हात पुढे करायचे आणि उभं राहायचं, बोलायचं नाही. तीस मोजेपर्यंत भला भला माणूस कोट काढतो. आपल्या सभागृहात एकदा एक मंत्री चाळीसपर्यंत टिकला होता. पण काढला.

फीत नसेल तर माझ्या खणात सुई आणि काळा दोरा आहे. आधी शिवायचं, मग टांगायचं. आणि शिवताना त्या माणसाकडे अशा नजरेने बघायचं की पुढच्या वेळी तो आईकडून शिवून घेऊन येईल.

वही? खबरदार! माझ्या खिडकीवर नंबर असतात, माणसं नसतात. कोण किती वाजता आलं, कुणाबरोबर गेलं, कुणाच्या खिशातून कुणाचा रुमाल डोकावत होता, हे मी लिहून ठेवलं असतं तर निम्म्या शहराचे संसार मोडले असते. टोकन बघायचं, कोट द्यायचा, पुढचा!

माझं बरं चाललंय. चिखल गरम असतो, पण त्यात पडलं की उठावंसं वाटत नाही. शेजारच्या पलंगावरची बाई रात्रंदिवस स्वतःच्या पित्ताशयाबद्दल बोलते. दुपारी चार वाजता खालच्या दिवाणखान्यात नाच असतो. मी नुसती बघायला जाते. परवा सेवेरिनने आग्रहच केला म्हणून दोन फेऱ्या घेतल्या. खुबा अजिबात दुखला नाही.

कालिनोव्स्काला सांग, कपाटं आणलीस तर झेनोबिया त्यात तुलाच कोंबेल. नको, सांगू नकोस. तू खरंच सांगशील.

मावशी


तोरुन, १३ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुला तिथे व्यायाम घ्यायला सेवेरिन साहेब मिळाले हे वाचून बरं वाटलं. पण त्यांना खुब्याच्या शस्त्रक्रियेची कल्पना दिली आहेस ना? दोन फेऱ्यांवरून एकदम चारवर जाऊ नकोस.

संमेलन आज सुरू झालं. हे लोक स्वतःला तरुण म्हणवतात, पण निम्म्यांना टक्कल पडलेलं आहे. अकादमीत ठरावीक वर्षंच राहता येतं, मग तरुणपण संपल्याचं पत्र येतं म्हणे. खिडकीसमोर उभं राहून दोघं त्यावरच बोलत होते. एक म्हणाला, "मला अजून एक वर्ष आहे." दुसरी म्हणाली, "मग म्हातारा व्हायला काय घेतोयस?" आयर्लंडमुळे इंग्रजी समजतं, बोलताना मात्र वाक्याच्या मध्यावर पोचलो की सुरुवात विसरतो.

कोट खरंच काळे आहेत. एकाहत्तरपैकी अठ्ठावन्न काळे, नऊ गडद निळे आणि चार असे की त्यांना काय म्हणावं ते मला ठरवता आलं नाही. तुझी युक्ती सगळ्यांवर चालली. पोर्तुगालचे डॉक्टर दुआर्ते म्हणाले, "मला थंडी वाजते, मी कोट ठेवून घेतो." मी हात पुढे केले. सव्वीसला काढला. ते झोपेवर संशोधन करतात आणि सकाळपासून त्यांनी सात कप कॉफी घेतली.

फिनलंडच्या डॉक्टर हेल्का यांच्या कोटाची फीत तुटली होती. त्या दगडफुलावर काम करतात, खडकांवर गुडघे टेकून टेकून कोटाची पार रया गेली आहे. मी शिवायला घेतला तर म्हणाल्या, "द्या, मी शिवते. तुमच्यामागे रांग आहे." आणि खिडकीबाहेर उभं राहून त्यांनी स्वतः शिवला. टाके माझ्यापेक्षा सरळ. तुझ्या नजरेचा उपयोग करायची वेळच आली नाही.

सगळे मला "मिस्टर कोट" म्हणतात. यात अपमान आहे का?

उद्या त्यांच्या नव्या अध्यक्षाची निवड आहे. उमेदवार दोनच, हेल्का आणि दुआर्ते. हेल्कांचे एक मित्र आहेत, बेल्जियमचे लीव्हन, संख्याशास्त्राचे. ते जेवणाच्या रांगेत प्रत्येकाला हेल्काला मत द्या म्हणून सांगत होते. आपल्या स्वयंपाकीणबाईंनाही सांगून झालं. बाईंनी त्यांना पिएरोगीची एक करंजी जास्त वाढली.

वही केलेली नाही. पण गोदामात दोन वर्षं नंबर पाठ करून करून डोक्याला खोड लागली आहे. कुणाचा कितवा नंबर ते आपोआप लक्षात राहतं. त्याला माझा इलाज नाही.

अजून तक्रार नाही. दोन दिवस उरले.

लुत्स्यान


तोरुन, १४ नोव्हेंबर, दुपारी पाऊण वाजता

प्रिय मावशी,

इथे सगळं ठीक आहे. वारा फार आहे. जेवणात झुरेकचं सूप आहे, आंबट छान झालंय.

एक सहज विचारतो. माझ्या एका मित्राची अडचण आहे. समज, त्याच्याकडे विश्वासाने दोन ढीग सांभाळायला दिलेत. ते दोन ढीग एकमेकांत मिसळले तर एका भल्या माणसाची फजिती टळते. पण मिसळणारा गुन्हेगार ठरतो आणि त्याची नोकरी जाते, शिवाय त्याच्या एका नातेवाइकाचीही. अशा वेळी मित्राने काय करावं?

आज एकच्या बसच्या चालकाला थांबून उत्तर आणायला सांगितलं आहे. सव्वादोनच्या आत हवं.

सगळं ठीक आहे.

लुत्स्यान


चेखोचिनेक, १४ नोव्हेंबर

कोणता मित्र? तुला मित्र कधीपासून झाला?

"सगळं ठीक आहे" एका पत्रात दोनदा लिहिणाऱ्या माणसाच्या घराला आग लागलेली असते. कसले ढीग? कुणाची फजिती? काय करून बसलायस? चालक दारात उभा आहे, अडीचची बस आहे म्हणतोय, आणि सव्वादोन तर वाजलेच! तुमचे विद्वान सोड, तुला तरी बसची वेळ कळत नाही?

हात लावू नकोस. ऐकतोयस? विश्वासाने दिलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. ढीग दोन असतील तर दोन ठेवायचे. माझ्या एकतीस वर्षांत मी दोन कोटांच्या बाह्यासुद्धा एकमेकींत अडकू दिल्या नाहीत. आणि तोंड उघड! जे काय आहे ते सरळ सांगून टाक तिथे. घसा बसतोय म्हणून गप्प राहशील आणि भलतंच करून बसशील, मी ओळखून आहे तुला.

सेवेरिन म्हणतोय की मुलगा शहाणा वाटतो, तो बरोबर करेल. त्याला काय कळतंय? त्याने तुला पाहिलेलंसुद्धा नाही.

ताबडतोब लिही.

मावशी


तोरुन, १६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र परवा तीन वाजून दहा मिनिटांनी मिळालं. तोपर्यंत माझा हात लावून झाला होता. आता सगळं क्रमाने लिहितो. कालिनोव्स्का बाईंनी मला सोमवारी दहा वाजता बोलावलं आहे. त्यापुढचं मला माहीत नाही.

गुरुवारी सकाळी त्यांचं मतदान होतं. त्यांच्या नियमाप्रमाणे ते गुप्त हवं. फोनवर बटणं दाबून करणार होते, पण ते चाललं नाही, म्हणून कागदाच्या चिठ्ठ्या केल्या. माणसं एकाहत्तर आणि चिठ्ठ्या निघाल्या चौऱ्याहत्तर. मग वाद सुरू झाला. एक म्हणाला, तीन चिठ्ठ्या डोळे मिटून काढून टाका. दुसरी म्हणाली, दोघांच्या मतांतून दीड दीड वजा करा. लीव्हननी फळ्यावर एक समीकरण मांडलं. ते पाहून आणखी चौघं उठून फळ्याकडे गेले. तास झाला, सव्वा तास झाला. स्वयंपाकीणबाई दारात येऊन मला म्हणाल्या, "यांना सांग, झुरेकला समीकरण कळत नाही, ते गार होतं."

मी मागे दाराशी उभा होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "प्रत्येकाकडे कोटाचं एकच टोकन आहे. दोन असूच शकत नाहीत."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या, मावशी. माझे कान इतके तापले की मी भिंतीला टेकलो.

मी आल्याच्या केकचे दोन रिकामे डबे आणले, एकावर हेल्का आणि एकावर दुआर्ते असं लिहिलं, आणि पडद्यामागे ठेवले. एकेकाने आत जाऊन आपलं टोकन टाकलं. मोजायचं कामही मलाच दिलं, कारण मी कुणाच्याच बाजूचा नव्हतो. टोकनाच्या एकाच बाजूला नंबर असतो, म्हणून मी सगळी पालथी घालून दहा दहाच्या ओळी लावल्या. दुआर्ते छत्तीस, हेल्का पस्तीस.

दुआर्तेंच्या डब्यातून ओतताना एक टोकन उताणं पडलं. मी लगेच पालथं केलं, दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. त्याचा नंबर मी तुलाही सांगणार नाही.

लीव्हन उठून म्हणाले, "एका मताचा फरक! फेरमोजणी हवी." सगळे हो म्हणाले. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की अडीचला सगळ्यांनी शहर बघायला निघायचं आहे, नदीवरून वारा सुटलाय, कोट हवेत, आणि कोटाची टोकनं तर डब्यात आहेत. तुमचा नंबर काय होता म्हणून एकमेकांना विचारायला लागले. तिघं गणिती सोडून कुणालाच आठवेना. त्यातले एक म्हणाले, "माझा सत्तावन्न, तो दिसतो अविभाज्य पण नसतो." बाकी अडुसष्ट जण नुसते बघत राहिले. यांच्यातल्या एकीने ताऱ्याचं वजन केलेलं आहे, मावशी.

मग लीव्हननी तोडगा काढला. सव्वादोनला फेरमोजणी करायची. एकेका डब्यातलं टोकन काढून नंबर मोठ्याने वाचायचा. मिस्टर कोटनी त्या नंबराचा कोट आणून वर धरायचा. ज्याचा असेल त्याने येऊन घेऊन जायचा. मोजणीही होईल आणि कोटही मिळतील. पुन्हा टाळ्या. एकाहत्तर विद्वानांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की असं केलं तर कुणाचं मत कुठल्या डब्यात होतं ते सगळ्या सभागृहाला दिसणार.

मला ते दिसत होतं. आणि त्या एका टोकनाचा कोट मला सगळ्यांसमोर हातात धरून उभं राहावं लागणार होतं, तेही दिसत होतं.

मी सांगायला गेलो. दोनदा तोंड उघडलं. पण दिवसभराचा धीर त्या पहिल्या वाक्यातच संपला होता. कुणाला तरी वाटलं मला ठसका लागलाय, त्यांनी पाणी आणून दिलं. डबे माझ्याकडे सोपवून सगळे जेवायला गेले. जाताना लीव्हन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्याएवढा विश्वासाचा माणूस इथे दुसरा नाही."

तेव्हा मी तुला ते पत्र लिहिलं. मग उत्तराची वाट पाहिली. दोन वाजून दहा मिनिटांनी मी एक डबा दुसऱ्यात ओतला आणि चमच्याने ढवळला.

ते आले तेव्हा मी म्हटलं, "मिसळले." चुकून मिसळले असं म्हणणार होतो. पण "चुकून" म्हणवेना.

जो गोंधळ झाला तो मी लिहीत नाही. कालिनोव्स्का बाईंचा चेहरा टेबलावरच्या कापडासारखा झाला होता. बाई म्हणाल्या, "आता कोटांचं काय? सगळ्यांना आत सोड, ज्याने त्याने आपला शोधावा." खिडकीच्या आत कुणी येत नाही, मावशी, हे तुझ्याकडून शिकलो आहे. मी आत गेलो आणि रांगेतल्या पहिल्या माणसाचा कोट आणून दिला. मग दुसऱ्याचा. कुणालाही काही न विचारता, नुसतं चेहऱ्याकडे बघून. एकाहत्तरच्या एकाहत्तर. चाळिसाव्या कोटाच्या सुमारास रांगेतली कुजबुज थांबली. एका बाईंनी मला त्यांच्या प्रयोगशाळेत यायचं आमंत्रण दिलं, डोक्यात नळ्या घालणार नाही म्हणाल्या.

आणि तिथेच माझा घात झाला. लीव्हन कोटाची बटणं लावता लावता थांबले. म्हणाले, "म्हणजे कुणाचा कितवा नंबर हे तुम्हाला पाठ आहे. मोजताना तुम्हाला काहीतरी दिसलं. काय दिसलं, मिस्टर कोट? कुणासाठी मिसळलंत?"

मी पुढचा कोट आणायला आत गेलो. रांगेत शेवटी डॉक्टर हेल्का होत्या. मी त्यांचा कोट दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या कोटाकडे, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. कोट घालून त्या बाहेर पडल्या.

काल सकाळी शेवटची बैठक होती. हेल्का उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "फेरमोजणी नको. मी दुआर्तेंना मत दिलं. आमच्याकडे स्वतःला मत देणं म्हणजे सगळ्यांच्या आधी आपलंच ताट वाढून घेणं. माझ्याकडून ते होत नाही."

लीव्हन ओरडले, "हेल्का! तेवढं एक मत इकडे असतं तर तू जिंकली असतीस!"

त्या म्हणाल्या, "मोजता येतं मला."

मागून कुणीतरी विचारलं, "दुआर्ते, तुम्ही कुणाला दिलंत?" दुआर्ते खुर्चीत खाली खाली सरकले. मग म्हणाले, "मला." सभागृहात असं हसू फुटलं की मी जागा सोडून आत बघायला गेलो. दुआर्ते स्वतःही हसत होते, डोळे पुसत होते. उपाध्यक्षपदासाठी त्यांनी हेल्कांचं नाव सुचवलं आणि सगळ्यांनी हात वर केले. या वेळी डबे लागले नाहीत.

पण लीव्हननी आदल्या दिवशीच बाईंकडे लेखी तक्रार दिली होती. ते मागे घेत नाहीत. म्हणतात, माणूस भला असेल, पण पुरावा नष्ट केला तो केलाच. त्यांचं बरोबर आहे.

एक तक्रार म्हणजे कपाटं. मावशी, मला माफ कर.

लुत्स्यान


चेखोचिनेक, १७ नोव्हेंबर

लुत्स्यान,

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. पित्ताशयवाली रडली. चमच्याने ढवळलंस? गाढवा, डबा नुसता हलवला असता तरी चाललं असतं!

ते टोकन त्या फिनलंडवालीचं होतं, बरोबर ना? नुसतं हो म्हण. मी तुझी मावशी आहे, मी कुणाला सांगणार?

आता माझी गोष्ट. बसला असशील तर ठीक, नाहीतर बस. सेवेरिन व्यायाम घेत नाही. तो रेल्वेत तिकिटं तपासायचा, आता निवृत्त आहे, बायको जाऊन नऊ वर्षं झाली. जेवायला माझ्या समोर बसतो. आणि ज्या फेऱ्या आम्ही घेतो त्या नाचाच्या. पहिल्या दिवशी दोन, आता मोजत नाही. त्याचं घर इथून दोन गल्ल्यांवर आहे. तेवीस तारखेला मी तोरुनला येईन ती सामान न्यायला.

हे मला पहिल्या पत्रातच लिहायचं होतं. पण म्हटलं, हा पोरगा आधीच घाबरलेला, त्यात खिडकी कायमची गळ्यात पडतेय कळलं तर पळून जाईल. तेव्हा माझी खिडकी गेली म्हणून रडू नकोस. जायची असेल तर ती तुझी जाईल. उद्या बाईपुढे माझ्यासाठी भीक मागायची नाही. मागायचं तर स्वतःसाठी माग.

आणि टोकनाचं कळव.

मावशी


तोरुन, १८ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सेवेरिन साहेबांना मी व्यायामाबद्दल जे लिहिलं होतं ते त्यांना दाखवलं नसशील अशी आशा आहे. तुम्हा दोघांचं अभिनंदन. हे वाक्य मी चार प्रकारे लिहून पाहिलं, शेवटी साधंच ठेवलं.

आज दहा वाजता कालिनोव्स्का बाईंच्या खोलीत गेलो. लीव्हन यांची तक्रार समोर होती. बाई म्हणाल्या, "मुद्दाम मिसळलंस?"

"हो."

"का?"

"सांगता येणार नाही."

त्यांनी चष्मा काढला. "बरं, ते राहू दे. त्या एकाहत्तरांतल्या आपल्या गावच्या डॉक्टर शिमोनने कुणाला मत दिलं? मला नुसती उत्सुकता आहे. दोन वर्षं तो माझ्याकडे हेल्काची स्तुती करतोय."

मी म्हटलं, "बाकीची टोकनं पालथी होती, बाई. मी एकच पाहिलं."

"आणि ते एक कुणाचं?"

"सांगता येणार नाही."

"अरे, वेडा आहेस का? तिने स्वतः एकाहत्तर माणसांसमोर उभं राहून सांगितलं! मी तिथे होते!"

"त्यांनी सांगितलं, बाई," मी म्हटलं. "मी नाही सांगितलं."

बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मी मनात मोजायला लागलो. बत्तीसला त्यांनी फोन उचलला. कपाटवाल्यांशी बोलत होत्या. म्हणाल्या, "नाही, नकोत. नाही, स्वस्त केलीत तरी नकोत. कपाटाला कुणी आकडा सांगितला की ते उघडतं. आमचा माणूस उघडत नाही." मग ठेवला. माझ्यापुढे कागद सरकवला आणि म्हणाल्या, "सही कर. तक्रारीला उत्तर मी लिहीन. की कर्मचाऱ्याला कडक समज दिली. ही घे समज. पुढच्या वेळी तोंडाने सांग, चमच्याने नको."

मी विचारलं की कागद घरी नेऊन उद्यापर्यंत वाचला तर चालेल का. त्या म्हणाल्या, "लुत्स्यान, बाहेर रांग लागलीय." मग तिथेच वाचला आणि सही केली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर बाईंना दिलं तेच.

आणखी एक. शेवटच्या रांगेत खांबामागे तुझ्या स्वतःच्या कोटाची एक खुंटी आहे, तिला नंबर नाही. इतके दिवस मी तिला हात लावला नव्हता, माझा कोट खुर्चीच्या पाठीवरच टाकत होतो. आज खोलीतून परत आलो, बाहेरच्यांना "एक मिनिट" म्हटलं, मोठ्याने म्हटलं, मावशी, आणि माझा कोट तिथे टांगला.

लुत्स्यान